‘पाऊस पहिल्यापासून असाच’ म्हणणाऱ्या आप्पांना काय सांगू?

वाचकाचं पत्र

आमची साडेतीन एकर शेती. दोन एकर मार्कंडेय नदीच्या काठाला भाताची, दीड एकर माळाची, तांबड्या मातीची. माळावर सोयाबीन, बटाटा, कधी रताळी. २०२३ ला रोहिणीत भाताची धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या रानातच पेरणी, केली, जून कोरडा गेला आणि निम्मी उगवण वाळली. २०२५ ला उलटंच झालं. मे महिन्यातच एवढा पाऊस, की धूळवाफ पेरायला कोरडं रानच मिळालं नाही. मी म्हणतो हवामान बदललं. आप्पा म्हणतात, “पाऊस पहिल्यापासून असाच. बहात्तरचा दुष्काळ तू बघितला नाहीस.” त्यात मोबाईलवर एक व्हिडिओ फिरतोय, की हवामान बदल ही परदेशी लोकांची थाप आहे आणि शेतकऱ्याचं खत बंद करायचा डाव आहे. गावात बरेच जण त्याला माना डोलावतात. घरात रोज वाद. खरं काय ते सांगा, आणि पेरणीचं काय करू तेही सांगा.
– मार्कंडेय काठचा एक वाचक, बेळगाव तालुका

उत्तर

आधी आप्पांची बाजू घेतो, कारण तिच्यात तथ्य आहे. दुष्काळ आणि पूर या मुलखाला नवे नाहीत. ज्यांनी १९७२ सोसलं त्यांना एका कोरड्या जूनचं अप्रूप वाटत नाही, हे साहजिक आहे. शिवाय रानात पाणी तुंबलं की ते दरवेळी हवामान बदलामुळेच तुंबतं, असंही नाही. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात बळ्ळारी नाल्याचं पाणी भातात शिरतं, त्याला नाल्यातला गाळ, झुडपं आणि अरुंद झालेलं पात्रही तेवढंच कारण आहे. कृष्णाकाठचा पूर धरणातून किती पाणी कधी सोडलं यावरही ठरतो. ‘सगळं हवामानामुळं झालं’ असं कुणी म्हणालं आणि आप्पा हसले, तर त्यांचं चुकत नाही.

पण ‘पूर्वीही व्हायचं’ यातून ‘काहीच बदललं नाही’ असं निघत नाही. बदल एका वर्षात शोधायचा नसतो, तीस-चाळीस वर्षांच्या नोंदींत शोधायचा असतो, आणि त्या नोंदी आपल्याकडं आहेत. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसनं वाढलं. १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला, आणि ही घट जास्त दिसते ती गंगेच्या खोऱ्यात आणि पश्चिम घाटात, म्हणजे आपला खानापूर-जांबोटीचा पट्टा ज्या डोंगररांगेला टेकला आहे तिथं. तुमच्या वादाचा खरा निकाल पुढच्या आकड्यात आहे. १९५१-८० च्या तुलनेत १९८१-२०११ या काळात पावसाळ्यातले कोरडे खंड २७ टक्क्यांनी जास्त वेळा आले, आणि पावसाचे दिवस आले तेव्हा तो अधिक जोरानं कोसळला. हे सगळे आकडे केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयानं २०२० मध्ये काढलेल्या अहवालात आहेत. पुण्याच्या हवामानशास्त्रज्ञांनी तो तयार केला आहे. त्यामागं आपल्याच देशातल्या पर्जन्यमापकांच्या नोंदी आहेत, परदेशातून कुणी आणून ठेवलेल्या नाहीत.

कोरडं आणि झोडपणं दोन्ही एकाच वेळी कसं वाढेल, असा प्रश्न आप्पा विचारतील. उत्तर अवघड नाही. हवा एक अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. म्हणजे पाऊस पडायला जास्त बाष्प साचावं लागतं, त्याला वेळ लागतो, तो आपला खंड. मग पडतो तेव्हा साचलेलं सगळं एकदम खाली येतं. त्यात अरबी समुद्र झपाट्यानं तापतो आहे, आणि आपल्याकडं येणारं बाष्प तिथूनच उचललं जातं. मध्य भारतात मोठ्या भागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाल्या. हंगामाची बेरीज थोडी इकडंतिकडं झाली तर शेतकरी सावरून घेतो, पण पावसाची वाटणी बिघडली की पीक जातं. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर, २०२१ च्या जुलैतला पूर, २०२३ ला कर्नाटकातल्या २३६ पैकी २२३ तालुक्यांत जाहीर झालेला दुष्काळ, आणि २०२५ चा मे, जो १९०१ पासूनच्या नोंदीत देशातला सर्वांत ओला मे ठरला. यांतलं कोणतंही एक वर्ष पुरावा म्हणून पुरत नाही. पण पेरणी ठरवताना चारही डोळ्यांपुढं हवीत.

आता व्हिडिओ. असल्या व्हिडिओत बहुतेक वेळा तीन गोष्टी सांगतात. पहिली, ‘हे सूर्याचं चक्र आहे.’ सूर्य जास्त तापला असता तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापलं असतं. मोजमाप सांगतं की जमिनीलगतचा थर तापतोय आणि वरचा थर थंड होतोय. खालची उष्णता गोधडीखाली अडकावी तशी अडकते आहे, त्याची ही खूण. गोधडी म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड. कारखानदारीआधी दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होता, आज ४२० च्या पुढं आहे. हा वाढलेला कार्बन कोळसा आणि तेल जाळून आला, हे त्या कार्बनच्या अणूंच्या प्रकारावरून ओळखता येतं.

दुसरी गोष्ट, ‘कार्बन डायऑक्साइड हे तर झाडाचं अन्न, पीक वाढेल.’ अर्धं खरं. भात आणि सोयाबीनला त्याचा थोडा फायदा होतो. ऊस, मका, ज्वारी यांना फारसा नाही. पण भात फुलोऱ्यात असताना तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की परागकण निकामी होतात आणि लोंबी पोचट भरते. बटाट्याला गाठ धरायला रात्री विशीच्या खाली थंडी लागते. रात्रीच तापल्या तर हवेतलं जादा अन्न असून उपयोग नाही.

तिसरी, खताची. शास्त्रज्ञ खत बंद करा म्हणत नाहीत, वाया घालवू नका म्हणतात, आणि ते तुमच्या खिशाचंच गणित आहे. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात जेमतेम पावणेएकवीस किलो नत्र असतं. पोतं टाकलं आणि दुसऱ्या दिवशी ८० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्यातला बराचसा भाग नाल्यात जातो किंवा हवेत उडतो. भाताला नत्र तीन हप्त्यांत द्या: चिखलणीला, फुटवे येताना, आणि लोंबी पोटात धरताना थोडं. पुढच्या दोन दिवसांत जोराचा पाऊस सांगितला असेल तर हप्ता पुढं ढकला. एवढंच.

एक गोष्ट मात्र मोकळेपणानं मान्य करायला हवी. हा बिघाड दोन-तीन एकरवाल्या शेतकऱ्यानं केलेला नाही. भारतात माणशी वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत त्याच्या कितीतरी पट. गावातल्या लोकांना जो राग येतो तो याचा येत असावा, आणि तो रास्त आहे. पण ‘हे आपण केलं नाही’ म्हणताना ‘हे घडतच नाही’ म्हणायची गरज नाही.

आता घरातला वाद. आप्पांशी भांडून काही साधणार नाही, त्यांना कामाला घ्या. त्यांच्याकडं एक पक्कं माप आहे, नक्षत्रांचं. पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात, म्हणून त्यांच्या तारखा दरवर्षी जवळपास त्याच असतात: रोहिणी २५ मे, मृग ८ जून, आर्द्रा २२ जून, पुनर्वसू ६ जुलै, पुष्य २० जुलै, आश्लेषा ३ ऑगस्ट, मघा १७ ऑगस्टच्या आसपास, आणि असंच पुढं हस्त, चित्रा, स्वातीपर्यंत. प्रत्येक साधारण तेरा-चौदा दिवसांचं. पावसाची वाटणी मोजायला याहून सोयीचे कप्पे नाहीत. फक्त त्यात ‘बरा झाला’, ‘खेंडून पडला’ याच्या जागी मिलिमीटर लिहायचे.

पर्जन्यमापक घरी होतो. आतून मोजून ११.३ सेंटिमीटर तोंडाचं उभ्या काठाचं नरसाळं घ्या आणि दोन लिटरच्या बाटलीत घट्ट बसवा. या मापाच्या तोंडाचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर भरतं, म्हणून बाटलीत जमलेलं दर १० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. औषध मोजायच्या मापानं ते मोजता येतं. दोन लिटरच्या बाटलीत २०० मिलिमीटरपर्यंतचा पाऊस मावतो. नरसाळ्याचं तोंड जमिनीपासून फूटभर वर आणि सपाट राहील असं खुंटीला बांधा. जवळच्या झाडाची किंवा शेडची जितकी उंची, त्याच्या दुप्पट अंतरावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला वाचा, कारण हवामान खात्याची वेळ तीच आहे आणि मग तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशी लावून बघता येतो. चुका ठरलेल्या: स्लॅबवर ठेवलं तर वाऱ्यानं पाऊस कमी भरतो, पत्र्याच्या वळचणीला ठेवलं तर जास्त. उथळ नरसाळ्यातून मोठे थेंब उसळून बाहेर जातात, म्हणून काठ किमान चार बोटं उभा हवा. आणि पानं-किडे अडकून नळी तुंबते, ती रोज बघायची.

वहीत चार रकाने पुरेत: तारीख, मिलिमीटर, रानाची स्थिती, केलेलं काम. नक्षत्र संपलं की आप्पांनी बेरीज मारायची आणि तीन गोष्टी टिपायच्या. २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झालेले दिवस किती, कारण खातं त्यालाच पावसाचा दिवस धरतं. ६४.५ च्या वरचे दिवस किती, कारण तिथून ‘जोरदार पाऊस’ सुरू होतो. आणि सलग किती दिवस कोरडे गेले. शेजारच्या दोन-तीन गावांतही असं कुणी मोजलं तर आणखी बरं. कणकुंबीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात अथणीला पाच-सहाशे, तिथं ‘बेळगाव जिल्ह्याची सरासरी’ तुमच्या रानाबद्दल काही सांगत नाही.

अंदाजाचंही तसंच. आपल्याकडं मराठी वाहिन्या बघतात आणि त्या कोल्हापूर-कोकणचं सांगतात. कर्नाटकच्या अंदाजात आपण ‘उत्तर अंतर्गत कर्नाटक’ या भागात मोडतो, जिथं विजापूर-गुलबर्ग्याचं कोरडं रानही येतं. उचगाव, बेळगुंदी, जांबोटीकडच्या शेतकऱ्यानं कोल्हापूरच्या घाटाचा आणि बेळगावचा असे दोन्ही अंदाज बघावेत. दोन्हीकडं इशारा असेल तर तो धरूनच चालावं. राज्याच्या आपत्ती निरीक्षण केंद्राचे ग्रामपंचायत पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक आहेत, आणि त्यांच्या ‘वरुणमित्र’ मदतवाहिनीवर, ९२४३३ ४५४३३ ला, गावाचं नाव सांगून कन्नडमध्ये विचारता येतं. ‘मेघदूत’ ॲपवर पाच दिवसांचा जिल्ह्याचा अंदाज मिळतो, पिकांचा सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ ॲप मोबाईलमध्ये असूच द्या. पाच दिवसांपुढच्या तारखा ठामपणे सांगणाऱ्या व्हिडिओवर बियाण्याचं पोतं फोडू नका.

आता पेरणी. तुमच्या पत्रातल्या दोन्ही फटक्यांचं कारण एकच आहे. दोन्ही वर्षी सगळं भात धूळवाफ पेरणीच्या एकाच डावावर होतं. धूळवाफ पेरणी वाईट नाही. मजुरी वाचते, पीक लवकर निघतं. पण तिला मेअखेर कोरडं रान आणि मृगात लागून पडणारा पाऊस, दोन्ही लागतात, आणि या दोन्हींची हमी आता राहिली नाही. दोन एकरांचे भाग पाडा.

एक भाग, समजा पाऊण एकर, धूळवाफच ठेवा, पण बी दीड-दोन इंच खोल पडेल अशी कुरी (पाभर) धरा. वर पडलेलं बी पंधरा-वीस मिलिमीटरच्या वळवावर फुगतं, कोंब काढतं आणि पुढचे दहा दिवस कोरडे गेले की मरतं. २०२३ ला बऱ्याच रानांत झालं ते हेच. खोल पडलेलं बी नीट ओल पोचेपर्यंत थांबतं. मेमध्येच पाऊस झाला तर वाईट वाटून घेऊ नका. तण उगवू द्या, वाफसा येताच दोनदा कुळव मारा, आणि मग वाफशावर पेरा. तणाचा पहिला लोंढा फुकटात जातो.

बाकी सव्वा एकराला तरवा, म्हणजे लावणीसाठीची रोपं, टाका, आणि तोही दोन टप्प्यांत. पहिला मृगाच्या सुरुवातीला, दुसरा बारा-पंधरा दिवसांनी. एकराला पंधरा-सोळा किलो बी आणि चार गुंठे तरव्याची जागा लागते. बी आधी मिठाच्या पाण्यात टाका, दहा लिटरला तीनशे ग्रॅम. तरंगणारं पोचट बी काढून टाका, बुडालेलं दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुऊन सावलीत सुकवा. धुवायचं राहिलं तर मीठच उगवण मारतं. तरवा लावायला २१ ते २५ दिवसांचा उत्तम. पस्तीस दिवसांपुढं गेला की फुटवे कमी येतात, आणि पाऊस लांबला की नेमकं तेच होतं. म्हणून दुसरा टप्पा. तरवा नदीकाठच्या रानात टाकू नका, माळाच्या कडेला टाका, आणि गरजेपेक्षा दहावा हिस्सा जास्त टाका. जुलैत मार्कंडेयचं पाणी भातावरून गेलं तर मोकळी पडलेली जागा भरायला तोच उपयोगी पडतो.

पाणी ओसरल्यावर लगेच युरिया फेकायची घाई सगळे करतात, ती करू नका. बुडून आलेलं रोप अर्धमेलं असतं. पाच-सात दिवसांनी नवं पान दिसलं की मगच द्या. दरवर्षी बुडणाऱ्या तुकड्यासाठी ‘स्वर्णा सब-वन’ हे बुडीत सोसणारं वाण आहे, साधारण दोन आठवडे पाण्याखाली तग धरतं. तांदळाला आपल्याकडच्या इंटान किंवा बासमती वाणाची चव नाही, बाजारातही तो भाव मिळणार नाही. म्हणून बुडणाऱ्या तुकड्यापुरतंच.

सुगीचाही विचार आत्ताच करा. २०२१ च्या नोव्हेंबरात अवकाळीनं कापलेलं भात रानात भिजलं, ते विसरण्यासारखं नाही. सगळं इंटान लावलं तर सगळं एकाच आठवड्यात कापणीला येतं. निम्मं कमी दिवसांचं वाण घ्या. दोन दिवसांत उचलून गंजी लावता येईल तेवढंच कापा. कापलेलं भिजलंच आणि ऊन नसेल, तर पाच टक्के मिठाचं पाणी, म्हणजे लिटरला पन्नास ग्रॅम, पेंढ्यांवर फवारा. लोंब्यांना कोंब यायचं लांबतं.

माळाच्या दीड एकराबद्दल. सोयाबीनला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वीतभर ओल गेल्याशिवाय कुरी लावू नका. इथं तुमची वही कामाला येते. तांबड्या मातीत पाणी टिकत नाही, त्यामुळं पंधरा दिवसांचा खंड काळ्या रानातल्या पिकाला जेवढा लागतो त्याच्या आधीच इथं पिकाला लागतो. घरचं बी असेल तर ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण बघा. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो. त्याखाली प्रत्येक दाण्यामागं अर्धा किलो वाढवा. साठच्या खाली आलं तर ते बी पेरूच नका.

पट्टा पेर करा. सात दात्यांच्या पेरणी यंत्राचा मधला दाता बंद ठेवला की तीन ओळी, एक मोकळी, तीन ओळी असं पडतं. परतताना एका ओळीची जागा सोडायची. पंचवीस-तीस दिवसांनी कोळप्याच्या दात्यांना दोरी गुंडाळून मोकळ्या ओळीतून चालवलं की सरी पडते. जोराच्या पावसात जादा पाणी सरीतून निघतं, खंडात तीच सरी पडलेला पाऊस मुरवते. सरीचं तोंड उताराला, गवताच्या बांधाकडं काढा. शेजाऱ्याच्या रानात सोडलं तर भांडण, आणि माती तुमचीच जाते. फुलोऱ्यात किंवा शेंगा भरताना खंड पडला तर १३:०:४५ विद्राव्य खत दहा लिटरला शंभर ग्रॅम फवारा. वाण निवडताना तांबेरा रोगाचा विचार आधी. ऑगस्टअखेर रिमझिम लागून राहिली की बेळगाव-धारवाड-कोल्हापूर पट्ट्यात तांबेरा येतो आणि जेएस ३३५ हे वाण त्याला लगेच बळी पडतं. ‘फुले संगम’ किंवा धारवाड कृषी विद्यापीठाचं डीएसबी २१ घ्या. पानाखाली तांबूस भुकटी दिसताच हेक्झाकोनाझोल ५ टक्के, लिटरला एक मिली, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा.

बटाटा मात्र कमी करा, असं आमचं स्पष्ट मत आहे. बियाण्यातच सगळा पैसा गुंततो, आणि लावल्यावर आठवडाभर रान चिंब राहिलं तर कापलेल्या फोडी जमिनीतच सडतात. लावायचाच तर अर्ध्या एकरावर नको, दहा गुंठ्यांवर लावा. कापलेल्या फोडीऐवजी तीस-चाळीस ग्रॅमचे अख्खे बटाटे वापरा, वरंबा उंच ठेवा. ढगाळ झिमझिम सुरू होण्याआधी मॅन्कोझेब लिटरला अडीच ग्रॅम फवारा. करप्याचे काळे डाग पसरल्यावर त्या एकट्या औषधानं तो आवरत नाही. उरलेल्या जागी रताळी वरंब्यावर लावा. ती खंड सोसतात, फक्त पायाशी पाणी साचू देऊ नका.

माळावर पाणी साठवायचा विचार असेल तर मोठ्या आकड्यांना भुलू नका, हिशोब असा आहे. एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे ४,०४७ लिटर. सोयाबीनला एक संरक्षित पाणी, ४० मिलिमीटरचं, द्यायचं तर एकराला सुमारे १ लाख ६२ हजार लिटर लागतं. वर १० बाय १० मीटर, खोली ३ मीटर आणि बाजूंना एकास एक उतार, अशा शेततळ्यात १ लाख ५६ हजार लिटर मावतं. म्हणजे एक गुंठा जागा गेली आणि तुषार सिंचनानं एका एकराला जवळपास एक पाणी मिळालं. बाष्पीभवनात काही जातंच, म्हणून खंड पडताच वापरा, ‘अजून थांबू’ करत बसू नका. तांबड्या मुरमात पाणी जिरतं, त्यामुळं ५०० मायक्रॉनचा कागद घालावाच लागतो. पाणी आत येण्याआधी दीड मीटर लांब-रुंद, मीटरभर खोल गाळाचा खड्डा करा, नाहीतर पहिल्या दोन झोडप्यांतच तळ्यात गाळ भरतो. भोवती कुंपण घाला आणि चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर पाण्यात सोडून ठेवा. कागद निसरडा असतो. आत पडलेलं पोर असो की पोहता येणारा मोठा माणूस, त्याला आधाराशिवाय वर येता येत नाही. अनुदान चालू आहे का ते होबळीच्या (तालुक्यातल्या गावगटाच्या) रयत संपर्क केंद्रात विचारून मगच खोदाई सुरू करा. आधी खणून मागाहून अर्ज केला की अडचण येते.

विम्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण पैसे बहुतेक इथंच बुडतात. खरिपात अन्नधान्य आणि तेलबियांना शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या २ टक्के असतो. सोसायटीतून किंवा बँकेतून पीक कर्ज घेतलं असेल तर तो परस्पर कापला जातो, आणि पीक कोणतं लिहिलंय ते कुणी बघत नाही. कागदावर भात आणि ‘बेळे समीक्षे’त, म्हणजे पीक पाहणीत, सोयाबीन अशी गफलत झाली की दावा फेटाळला जातो. पाहणीत सर्व्हे नंबरनिहाय नोंद काय झाली ते स्वतः तपासा. पावती कन्नडमध्ये असते, नीट वाचता येत नसेल तर वाचून घ्या, लाजू नका. रान पाण्याखाली गेलं, गारपीट झाली, तर ७२ तासांत कळवावं लागतं, १४४४७ वर किंवा बँकेत. त्या वेळी सर्व्हे नंबर आणि तारीख-वेळ दिसणारा फोटो हाताशी ठेवा. भुईमुगाचे वेल किंवा भाताच्या पेंढ्या कापून रानात वाळत घातलेल्या असताना अवकाळी आला, तर कापणीपासून १४ दिवसांपर्यंतचं नुकसान धरलं जातं. साध्या कमी उत्पादनाचा दावा मात्र तुमच्या एकट्याच्या रानावर ठरत नाही. पंचायतीतल्या पीक कापणी प्रयोगांच्या सरासरीवर ठरतो. शेजारच्या गावाला मिळालं आणि आपल्याला नाही, याचं कारण बहुधा ते असतं.

शेवटचं, त्या ‘परदेशी डावा’बद्दल. डाव कुठं असू शकतो तर तो अशा ठिकाणी: तुमच्या भातावर ‘कार्बन क्रेडिट’, म्हणजे हवेत कमी वायू सोडल्याबद्दलचं विकता येणारं प्रमाणपत्र, मिळवून देतो म्हणून कुणी कागद घेऊन येतं आणि अंगठा मागतं. असे करार सगळेच खोटे नसतात. पण किती वर्षांचा आहे, मधेच सोडला तर काय, क्रेडिट कुणाच्या नावावर, पैसे किती आणि कधी, पाणी कसं धरायचं हे कोण ठरवणार, या पाच गोष्टी मराठीत किंवा कन्नडमध्ये लिहून मिळाल्याशिवाय सही करू नका. आधारचा ओटीपी तर तिथल्या तिथं कुणालाच देऊ नका. कागद घरी आणा, आप्पांनाही वाचून दाखवा.